धनीपण न करता मंडळी कशी चालवायची

सलाम पास्टर. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चच्या समुदायात) तुम्ही पाळक म्हणून नव्याने आलात, साधारण सत्तर कुटुंबं. आधीच्या पाळकसाहेबांच्या हातात दानपेटीपासून माइकपर्यंत सगळं होतं. तुम्ही ठरवलंत की आपण हुकूम सोडायचे नाहीत, नम्र राहायचं. सहा महिन्यांत कमिटी दोन घराण्यांच्या भांडणात अडकली, क्वायर (गायकांचा गट) फुटला आणि लोक म्हणू लागले, "आधीचे साहेब कडक होते, पण कामं तरी व्हायची." मग नम्र पुढारपण म्हणजे गप्प बसायचं का, असं तुम्ही विचारलंत.

गप्प बसायचं नाही. तुमच्याकडे झालं ते असं: तुम्ही बोलण्याचा सूर बदललात, कारभार मात्र होता तसाच ठेवलात. पूर्वीच्या पाळकांकडे ज्या किल्ल्या होत्या त्या तुम्ही टेबलावर ठेवल्यात आणि ज्याचा आवाज मोठा त्याने त्या उचलल्या. अधिकाराची जागा रिकामी राहत नसते. पाळकाने ती सोडली की खजिनदाराच्या सासरचे लोक येऊन बसतात, एवढंच. तेव्हा आधी नीट ठरवा, कोणता अधिकार सोडायचा, कोणता ठेवायचा आणि सोडलेला कोणाच्या हातात द्यायचा.

शास्त्रातला आधार तुम्हाला पाठ असेल, पण त्यातल्या एका क्रमाकडे लक्ष द्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू जेवणावरून उठतो, वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो, दगा देणाऱ्या यहूदाचेही धुतो. आणि बाराव्या वचनात पुन्हा वस्त्रं घालून आपल्या जागी बसतो, बसून शिकवतो. "गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे," असंही सांगतो. जागा त्याने सोडलेली नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही वडिलांना (मंडळीच्या पुढाऱ्यांना) आधी कळपाचं पालन करा असं सांगितलंय, धनीपण करू नका, म्हणजे मालकासारखं वागू नका, हे त्यानंतर येतं. पालन टाळणाऱ्याला त्या अध्यायात कुठेच सूट नाही. लांडगे आले तर पाळकाने बाजूला उभं राहायचं नसतं. प्रेषित पौलाने मिलेतात इफिसच्या वडिलांना नेमकं हेच बजावलं होतं.

आता कामाचं. एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात पाळकाने ठरवायच्या आणि नुसत्या कळवायच्या गोष्टी: उपदेश, उपासनेचा क्रम, घरभेटी, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तयारी. दुसऱ्यात कमिटीने ठरवायच्या, जिथे तुमचं मत इतरांसारखं एकच: खर्च, दुरुस्ती, कार्यक्रम, हॉल कोणाला द्यायचा. तिसऱ्यात सर्वसाधारण सभेपुढे न्यायच्या: अंदाजपत्रक, निवडणूक आणि मालमत्तेच्या बाबतीत वरच्या संस्थेकडे काय मागणी करायची ते. तुमची मंडळी ज्या चर्चशी संलग्न आहे त्याच्या घटनेशी हे रकाने ताडून पाहा, कारण काही अधिकार तुमचे नसतातच. सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) स्थानिक पास्टरेट कमिटी, बिशपचा धर्मप्रांत आणि सगळ्यांच्या वर सिनड अशा पायऱ्या आहेत. हे चर्च ज्या एकीतून बनलं ती एकी २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच शहरात झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या; कुठे बिशपचा शब्द मोठा, कुठे वडिलांच्या सभेचा, कुठे मंडळीचा. म्हणून तिच्या रचनेत तिन्हीला जागा ठेवावी लागली. कॅथलिक पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) वित्त समिती असणं चर्चच्या कायद्यानेच बंधनकारक आहे (कॅनन ५३७), तर पास्टरल कौन्सिलचं मत फक्त सल्ल्यापुरतं असतं. स्वतंत्र मंडळ्यांत यातलं काहीच नसतं. तिथे बहुतेकदा पास्टर, त्यांच्या मिसेस आणि मेहुणे मिळून ट्रस्ट होतो. नम्रतेचा कस सगळ्यात जास्त तिथेच लागतो.

हा कागद सभेत मंजूर करून व्हरांड्यातल्या फलकावर लावा. निम्मी भांडणं "हे ठरवणारे तुम्ही कोण?" या प्रश्नावरची असतात, ती त्या फलकापाशीच संपतात.

पैशावर जरा थांबतो, कारण धनीपण सगळ्यात आधी तिथे दिसतं. रविवारचं अर्पण पाळकाने मोजू नये, हातही लावू नये. मोजायला दोन माणसं हवीत, एकमेकांच्या नात्यातली नसलेली, दर महिन्याला बदलणारी. उपासना संपल्यावर वेस्ट्रीत (पाळकाच्या तयारीच्या खोलीत) दार उघडं ठेवून मोजणी करायची. छापील तक्त्यावर ५००, २००, १००, ५०, २०, १० आणि नाणी असे वेगळे रकाने, खाली अंकी आणि अक्षरी बेरीज, दोघांच्या सह्या. तक्त्याची एक प्रत रकमेसोबत, एक सचिवाच्या फाइलला. रक्कम सोमवारी जशीच्या तशी बँकेत. आलेल्या अर्पणातून परस्पर खर्च करायचा नाही. फुलवाल्याला द्यायचे दोनशे रुपयेसुद्धा त्यातून काढायचे नाहीत. किरकोळ खर्चासाठी खजिनदाराकडे तीन-चार हजारांची वेगळी रक्कम ठेवा, पावत्या जमा झाल्या की तेवढीच पुन्हा भरा. हे मोडतं कुठे, तर लग्नसराईत आणि डिसेंबरात. घाई असते, कोणीतरी म्हणतं "नंतर लिहू", आणि मार्चमध्ये ऑडिटरपुढे बसल्यावर कोणाला काही आठवत नाही. मग संशय पाळकावर येतो, त्याने पैशाला हात लावलेला नसला तरी.

क्यूआर कोड आजच तपासा. भिंतीवर चिकटवलेला तो कोड मंडळीच्या खात्याचा आहे की कोणाच्या मोबाइल नंबरचा? पाळकाच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर आज उतरवा, येत्या रविवारची वाट पाहू नका. खात्यावर किमान दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्या नवरा-बायकोच्या नसाव्यात. मंडळीला देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तर दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हेही लोकांना सांगून ठेवा.

दशांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या) लिफाफ्यांवर नावं असतात. कोण किती देतो ती यादी खजिनदाराकडेच राहू द्या, तुम्ही फक्त एकूण आकडा बघा. आपण निःपक्षपाती आहोत असं प्रत्येक पाळकाला वाटत असतं. पण आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की मोठा लिफाफा देणाऱ्याच्या घरी भेटी आपोआप वाढतात आणि त्याचं चुकलं तर आवाज खाली येतो. याकोबाने सोन्याची अंगठी घालून सभेत येणाऱ्याबद्दल लिहिलंय ते आजही तितकंच खरं आहे. गरजूंना मदत करायची रक्कम मात्र तुमच्या हाती असायला हरकत नाही. महिन्याची मर्यादा ठरवा, कोणाला दिली ते आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असू द्या, आणि कमिटीला नावं न सांगता एवढंच कळवा: या महिन्यात चार कुटुंबं, एकूण इतके रुपये. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी पाठवताना आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून. त्याच्यासारख्या प्रेषिताला ही काळजी घ्यावीशी वाटली, तर आपल्याला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

स्वतंत्र ट्रस्ट असेल तर आणखी दोन गोष्टी. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बदल अर्ज वर्षानुवर्षं न भरल्यामुळे कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात, काही तर प्रभूकडे गेलेले. मग खरा कारभार ज्याच्याकडे फाइल आहे त्याचा चालतो.

सभेकडे येऊ. रविवारी उपासनेनंतर सभा ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. लोक भुकेले, पोरं रडताहेत, बाहेर ऊन आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. अशा वेळी जो अडून बसतो तोच जिंकतो. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला घ्या, दीड तासात संपवा. विषयपत्रिका बुधवारी पाठवा, पाचांहून जास्त विषय नकोत. प्रत्येक विषयावर तुम्ही शेवटी बोला. आपल्याकडे पाळकसाहेब एकदा बोलले की बाकीच्यांच्या माना खाली जातात, आणि ज्यांना पटलेलं नसतं ते गेटबाहेर स्कूटरवर बसून बोलतात. तरुण प्रतिनिधीला आणि महिला संघाच्या बाईंना आधी विचारा, वडिलांना मागाहून. इतिवृत्तात भाषणं लिहायची नाहीत. निर्णय काय, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच. उठण्याआधी ते वाचून दाखवायचं आणि तिथल्या तिथे सह्या घ्यायच्या. पुढच्या सभेत "मी असं म्हटलंच नव्हतं" याला जागा उरत नाही.

मत तुमच्या विरोधात गेलं तर? वर्षातून एक-दोनदा तरी जायला हवं. कधीच जात नसेल तर लोक तुम्हाला घाबरतात किंवा त्यांनी नाद सोडलाय. हरलेला निर्णय तुम्ही स्वतः उपासनेत जाहीर करा, चेहरा न पाडता, आणि त्याच्यासाठी राबा. तीन चांगल्या उपदेशांतून जे पोचत नाही ते मंडळीला तिथे दिसतं.

दोन घराण्यांचं भांडण सभेत सुटणार नाही. दोघांकडे एकाच आठवड्यात जा, साधारण तेवढाच वेळ बसा. एकाकडे चहा घेतलात तर दुसऱ्याकडेही घ्या, नाहीतर कुठेच नको. नागपुरात तुम्ही कोणाकडे जेवलात हे रात्रीपर्यंत जरीपटक्यापासून खामल्यापर्यंत पोचतं. मग दोन्हीकडच्या एकेका माणसाला समोरासमोर बसवा. पहिल्याने दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं आणि दुसरा "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. वेळ लागतो, चिडचिडही होते, पण तिथे कळतं की वाद पेव्हर ब्लॉकच्या कंत्राटाचा नाही, वीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नाचा आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला मार्गही लक्षात ठेवा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती दाबली नाही आणि स्वतः वाढायलाही गेले नाहीत. माणसं कशी हवीत ते त्यांनी सांगितलं, निवड लोकांवर सोडली, आणि निवडलेल्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक. तक्रार ज्यांची होती त्यांच्याच हातात वाटप गेलं. तुमच्याकडे हॉलच्या वापरावरून तरुण संघ कुरकुरतोय ना? हॉलची नोंदवही त्यांच्याकडे द्या, नियम कमिटीचे.

उदाहरण घालून देणं म्हणजे सगळं स्वतः करणं, असा एक गैरसमज उत्साही पाळकांत फार असतो. खुर्च्या स्वतः लावायच्या, कूलरमध्ये पाणी स्वतः भरायचं, गेट स्वतः उघडायचं. पहिले दोन महिने लोक कौतुक करतात, नंतर बसून बघतात. आणि पाळकाच्या नकळत तो सगळ्या कामांचा मालक होऊन बसतो. तो आजारी पडला की उपासनेला कूलर कोरडा. हेही धनीपणच, फक्त घामाने भिजलेलं. काम करायचं ते कोणाला तरी बरोबर घेऊन. पहिल्या रविवारी तुम्ही करा, त्याने बघावं. दुसऱ्या रविवारी दोघांनी मिळून. तिसऱ्याला त्याने करावं आणि तुम्ही फक्त हजर राहा. चौथ्याला तुम्ही तिथे जाऊच नका. शास्त्रवाचन, प्रार्थना चालवणं, शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची शाळा), घरोघरच्या प्रार्थनासभा, सगळ्याला हीच रीत. चौथी पायरी सगळ्यात अवघड. समोरचा तुमच्याहून कमी नीटपणे करणार, हे सोसावं लागतं. कूलरचं म्हणाल तर मे महिन्यात त्याचा झोत कुठे वळवलाय ते एकदा बघा. बहुतेक ठिकाणी तो वेदीकडे असतो आणि मागच्या बाकांवरच्या आज्या पदराने वारा घेत बसलेल्या असतात.

पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) तुमच्याकडे पाय धुण्याचा विधी होत असेल तर तो नीट करा, कारण त्याचं नाटक व्हायला वेळ लागत नाही. कमिटीच्या बारा सभासदांना ओळीने बसवायचं, एकाने मग धरायचा, दुसऱ्याने टॉवेल, पाळकाने बोटं ओली करायची आणि फोटोग्राफरने समोर यायचं, हे टाळा. नावं चिठ्ठ्यांनी काढा किंवा मुद्दाम निवडा: नवीन आलेलं कुटुंब, आवार झाडणाऱ्या मावशी, ज्याच्याशी तुमचं वाजलंय तो माणूस. कॅथलिक विधीत स्त्रियांनाही घेण्याची मुभा पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये दिली. आधी विचारून घ्या. काही वृद्ध माणसांना पाळकाने पायाला हात लावणं अवघड वाटतं आणि प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रालाही वाटलं होतं. पाणी सकाळीच बादलीत भरून सावलीत ठेवा, संध्याकाळी टाकीतलं पाणी चटके देतं. माणशी एक टॉवेल, दोन्ही पाय, घोट्यापर्यंत, आणि बोटांमधली जागाही कोरडी करायची. गुडघे दुखत असतील तर पाट घ्या. फोटो नको. त्या संध्याकाळी ज्याचे पाय धुतलेत त्याचा फोन सोमवारी उचलला नाहीत, तर विधी फुकट गेला.

शिस्तीचं बोलू. नम्र पाळकाला चूक दाखवायची भीती वाटते आणि धन्याला व्यासपीठावरून दाखवायची हौस असते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा क्रम पाळा: आधी एकटं, मग एक-दोन जण घेऊन, शेवटी मंडळी. उपदेशात कोणाला उद्देशून टोमणा मारू नका. ज्याला मारता तो सोडून बाकी सगळ्यांना तो लागतो. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाला सुनावणं म्हणजेही चव्हाट्यावर नेणंच. सूचनांचा एक ग्रुप फक्त अॅडमिनचा ठेवा, बोलण्याचा वेगळा ठेवा, आणि दोन्हीकडे तुमच्याशिवाय आणखी दोन अॅडमिन असू द्या. "देवाने मला सांगितलंय" हे वाक्य कमिटीच्या सभेत वापरू नका, त्याच्यापुढे कोणी बोलूच शकत नाही. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं "अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा" हे सतरावं वचन सांगणाऱ्याने त्याच अध्यायातलं सातवंही वाचावं, तिथे पुढाऱ्यांच्या वागणुकीचा परिणाम बघून त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करायला सांगितलंय.

एक ठळक अपवाद. लहान मुलांवर लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर मत्तय १८ तिथे लावायचं नाही. पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "मंडळीचं नाव खराब होईल", "आपण क्षमा करतो" ही वाक्यं तिथे ऐकून घेऊ नका, बोलणारा कितीही ज्येष्ठ असो. बाईंना त्रास दिल्याची तक्रार असेल तर ती तपासणाऱ्यांत तुम्ही स्वतः नसावं, आणि तक्रार तुमच्याविरुद्ध असेल तर त्या दिवसापासून कारभारातून बाजूला व्हा.

तुमची स्वतःची चूक झाली तर माफी जिथे चूक झाली तिथेच मागा. सभेत ओरडलात तर सभेत, ग्रुपवर लिहिलंत तर ग्रुपवर. "कोणाला वाईट वाटलं असेल तर" असं म्हणू नका. काय केलंत ते नाव घेऊन सांगा, कारणं देऊ नका, आणि पुढे काय वेगळं करणार ते एका वाक्यात सांगून खाली बसा. अंत्युखियात पेत्राला पौलाने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, कारण पेत्राचं वागणं सगळ्यांसमोरचं होतं. तुम्हाला असं सुनावू शकेल असा एक माणूस मंडळीत आणि एक मंडळीबाहेर असायला हवा. बाहेरचा शक्यतो दुसऱ्या चर्चचा, तुमच्या बदलीशी किंवा पगाराशी ज्याचा संबंध नाही असा. महिन्यातून एकदा भेटा. तो दर वेळी तुमचं कौतुकच करत असेल तर माणूस बदला.

सगळं एकदम सुरू करू नका. क्यूआर कोड आजचाच. बाकी पहिल्या महिन्यात मोजणीचा तक्ता, दुसऱ्यात तीन रकान्यांचा कागद आणि सभेची वेळ. कामं सोपवणं त्यानंतर, कारण व्यवस्था नसताना सोपवलेलं काम पुन्हा मोठ्या आवाजाच्या माणसाकडेच जातं. जुने लोक म्हणतील, "साहेब, तुम्हीच ठरवा ना." ही जुनी सवय आहे, त्यात प्रेमही आहे. दुसऱ्या रकान्यातली गोष्ट असेल तर "कमिटीत आणा" एवढंच म्हणा, आणि पहिल्या रकान्यातली असेल तर तिथल्या तिथे ठरवून मोकळे व्हा.

आणि क्वायर. दोन गट झालेत तर पुढचे आठ रविवार आलटून पालटून दोघांना द्या, गीतांची यादी मात्र तुमची, कारण उपासनेचा क्रम पहिल्या रकान्यात आहे. यादी गुरुवारी दोघांनाही एकाच वेळी पाठवा. हार्मोनियम आणि कीबोर्डच्या कपाटाची किल्ली दोन्ही गटांत नसलेल्या माणसाकडे असू द्या. नवव्या रविवारी पवित्र सहभागितेच्या (प्रभुभोजनाच्या) वेळी एकच गीत सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरवा आणि त्याच्या सरावाला तुम्ही स्वतः मागे बसा, पण सूर सांगू नका. एकत्र नाही आले तर दोन क्वायर राहू द्यात, वर्षभर ओढाताण करू नका. सत्तर कुटुंबांच्या मंडळीला दोन क्वायर जड होत नाहीत.